खड्ड्याला घर म्हणणाऱ्यांनो

गुलाबी कागदाचा पेपर आमच्या वस्तीत वाचायला येत नाही. भज्यांखाली येतो. परवा तसाच एक हाताला लागला. तेलाचे डाग सोडून जेवढं वाचता आलं तेवढं वाचलं. घरबांधणी जोरात आहे म्हणे. नवे प्रकल्प, नवे टॉवर, दस्तनोंदणीचे नवे विक्रम. आणि खाली पंडितांचा निर्वाळा : घरबांधणीचा आकडा चढतो आहे, म्हणजे देशाच्या अर्थव्यवस्थेची तब्येत ठणठणीत आहे.

आई मेथी निवडत बसली होती. तिला वाचून दाखवलं. माझ्या आईनं बावीस वर्षं बिगारी केली आहे. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं, घमेल्यात ओला माल. या शहरातल्या किती मजल्यांचा स्लॅब तिच्या मानेवरून वर गेला याचा हिशेब तिच्याकडेही नाही. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बांदली किती ते लिवलंय. पाडली किती ते लिवलंय का?"

नव्हतं लिहिलं. पेपर उलटापालटा करून बघितला. कुठेच नव्हतं.

दोस्तांनो, मी अर्थशास्त्राचा पदवीधर आहे. रात्रीच्या कॉलेजात रखडत झालो, पण झालो. तीन वर्षांत एकाही प्राध्यापकानं हा प्रश्न विचारला नाही. चौथी नापास बाईनं मेथी निवडता निवडता विचारला. म्हणून हा लेख.

आधी हा आकडा काय चीज आहे ते समजून घेऊ. हत्यार न ओळखता अंगावर धावून जाणं ही मर्दुमकी नव्हे, नुसती शिवीगाळ आहे. आणि शिवीगाळीनं आजवर एकही टॉवर हललेला नाही.

या आकड्याचं माहेर अमेरिका. सगळ्या जगातले बँकवाले तिथूनच हे शिकले. तिथलं जनगणना खातं १९५९ पासून दर महिन्याला मोजत आलंय की देशात किती नवी घरं 'सुरू' झाली. जोडीला किती घरांना परवाने मिळाले आणि किती पुरी झाली, तेही मोजतं. आता 'घर सुरू झालं' म्हणजे काय? भिंत उभी राहिली? नाही. पायासाठी खोदकाम सुरू झालं की घर सुरू झालं. इमारत शंभर घरांची असली, तर त्या एका खड्ड्याबरोबर शंभर घरं आकड्यात जाऊन बसतात. मग थंडी-उन्हाळ्याचा फरक काढून टाकतात आणि याच वेगानं वर्षभर काम चाललं तर किती घरं होतील, असा वर्षाचा आकडा मांडतात. म्हणजे मोजतात खड्डा आणि सांगतात घर.

पण थांबा, लगेच हसू नका. त्या खड्ड्याला इतकी किंमत का, यात एक शहाणपण आहे. माणूस भाकरी खाणं थांबवत नाही, पण घर घेणं थांबवतो. घर रोकड्यावर घेत नाहीत, कर्जावर घेतात. व्याज चढलं की पहिला हात आखडतो तो घराच्या बाबतीत. गिऱ्हाईक थांबलं की बिल्डर नवा खड्डा काढत नाही. खड्डा थांबला की सिमेंट थांबतं, लोखंड थांबतं, विटा, रेती, फरशी, लाकूड, रंग, ट्रक थांबतात. नव्या घरात जाणारा फ्रीज आणि पंखा थांबतो. गवंड्याचा, बिगाऱ्याचा रोज थांबतो. आणि त्याचा रोज थांबला की नाक्यावरच्या वाण्याची उधारी थांबते. कारखान्यांवर मंदी दिसायच्या आधी ती या खड्ड्यात दिसते. म्हणून सावकार मंडळी त्यात डोकावून बघत असतात.

आणि मागं तो आकडा खोटं बोललेला नाही, हेही कबूल केलं पाहिजे. जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेत वर्षाला सुमारे २२ लाख ७० हजार घरं सुरू होण्याचा वेग होता. एप्रिल २००९ मध्ये तो ४ लाख ८० हजारांच्या आसपास आला. पाचातला एक उरला. तिथली मंदी अधिकृतपणे डिसेंबर २००७ पासून मोजतात, लेहमन ब्रदर्स बुडाली सप्टेंबर २००८ मध्ये. पण घरांचा आकडा २००६ पासूनच घसरणीला लागला होता. दीड-दोन वर्षं आधी तो ओरडून सांगत होता.

म्हणजे थर्मामीटर बिघडलेला नाही. माझा सवाल वेगळा आहे : तो लावलाय कुणाच्या काखेत?

त्याच अमेरिकेत बघू. १९३० नंतरच्या मंदीत तिथल्या सरकारनं घरकर्जाची मोठी योजना उभी केली. १९३४ पासून सरकार घरकर्जाची हमी घ्यायला लागलं. शहरांचे नकाशे काढले आणि जिथं काळे लोक राहतात त्या वस्त्यांना लाल रंग दिला. लाल रंग म्हणजे कर्ज द्यायला धोका. वस्ती गलिच्छ होती म्हणून नाही. माणसं काळी होती म्हणून. महायुद्ध संपलं, सैनिक घरी आले, घरांचा नुसता पाऊस पडला. न्यू यॉर्कजवळ लेव्हिटटाऊनमध्ये १९४७ पासून चार-साडेचार वर्षांत १७ हजारांवर घरं उभी राहिली. आकड्याच्या दृष्टीनं सोन्याचे दिवस. आणि त्या घरांच्या कागदात सुरुवातीला अटच होती की गोऱ्यांखेरीज कुणी तिथं राहायचं नाही. काळा सैनिक त्याच युद्धात लढला होता. त्याला त्या घराचा उंबरा चढता येत नव्हता. पण घरबांधणीचा आकडा चढतच होता, अर्थव्यवस्था ठणठणीतच होती!

पुढं १९४९ च्या कायद्यानं 'शहरांचं नूतनीकरण' आलं. काळ्यांच्या जुन्या वस्त्या पाडल्या. त्या योजनेत जितकी गरिबांची घरं पाडली तितकी गरिबांसाठी बांधली नाहीत. आणि नव्या घरांच्या आकड्यातून पाडलेली घरं वजा होत नाहीत. आईचा प्रश्न आठवतोय ना? तो तिकडेही कुणी विचारला नव्हता. विचारला तो ज्यांची घरं गेली त्यांनी.

१९६६ साली ऑकलंडमध्ये ब्लॅक पँथर उभी राहिली. तिच्या दहा कलमांत भाकरी आणि शिक्षणाच्या बरोबरीनं माणसाला राहण्यालायक घराची मागणी होती. १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंगचा खून झाला, आणि त्यानंतर आठवड्याच्या आत घरात भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा झाला. एका माणसाच्या प्रेतावरून तो कायदा पार झाला. मग इतकी वर्षं कर्ज नाकारलेल्या त्याच वस्त्यांत २००० नंतर दलाल शिरले. आता कर्ज घ्या म्हणून मागं लागले. व्याज चढं, अटी फसव्या. २००६ च्या त्या सोनेरी आकड्याखाली असल्या कर्जांचा ढीग होता. फुगा फुटला तेव्हा घरं कुणाची गेली? २००४ साली अमेरिकेतल्या काळ्या कुटुंबांपैकी सुमारे ४९ टक्के स्वतःच्या घरात होती. २०१९ पर्यंत ती ४१ टक्क्यांच्या आसपास उतरली. गोऱ्यांचं प्रमाण ७० च्या वरच राहिलं. मधल्या काळात घरबांधणीचा आकडा परत वर चढला होता आणि पंडितांनी 'सुधारणा झाली' असं जाहीरही करून टाकलं होतं.

१९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी त्या पँथरचं नाव उचललं ते उगाच नाही. म्हणून आता आपल्या मुंबईत येऊ.

१८९६ ला इथं प्लेग आला. गोऱ्या सरकारनं १८९८ साली शहर सुधारायला ट्रस्ट काढला. सुधारणा म्हणजे काय, तर गरिबांच्या दाट वस्त्या पाडायच्या आणि मोकळे रस्ते काढायचे. पहिल्या वीस वर्षांत या ट्रस्टनं जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. बांधलेल्या थोड्या चाळींपैकी परळच्या एका चाळीत बाबासाहेबांनी वर्षानुवर्षं संसार केला. परदेशच्या पदव्या घेऊन आलेला अर्थशास्त्रज्ञ, आणि राहायला चाळीतली खोली.

मग १९२० साली डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आलं. कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायचा बेत. आकड्याचाच मोह! प्रत्यक्षात २०७ इमारतींवर गाडं थांबलं. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी. एका इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. आणि गंमत बघा, बांधून झाल्यावर त्यातल्या हजारो खोल्या कितीतरी वर्षं रिकाम्या पडल्या. भाडं कामगाराला परवडेना. तो आपला जुन्या अंधाऱ्या खोलीत दहाजणांत राहिला. पुढं कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींत सरकारनं सत्याग्रही कोंडले. म्हणजे घर म्हणून बांधलं आणि तुरुंग म्हणून वापरलं. सरकारच्या वहीत मात्र खोल्या 'पूर्ण' झाल्या होत्या.

त्याच वरळीच्या बीडीडी चाळींत जानेवारी १९७४ ची दंगल पेटली, पँथरच्या पोरांची डोकी फुटली, आणि त्या दंगलीच्या निषेधाच्या मोर्चात भागवत जाधव यांचा जीव गेला. आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे की त्या चाळी मुळात एक फसलेला आकडा होत्या?

आता आजचं बघू. अमेरिकेसारखी दर महिन्याची 'घर सुरू झालं'ची मोजणी आपल्याकडे रुजलेली नाही. रिझर्व्ह बँकेच्या तांत्रिक गटानं २००९ साली असा निर्देशांक कसा करावा याचा अहवाल दिला, पण राज्य चालतं ते दुसऱ्याच आकड्यांवर. सिमेंट किती खपलं, पोलाद किती खपलं, यावरून बांधकाम वाढलं की घटलं ते ठरवत आलेत. पोतं मोजतात. पोतं उचलणारी मोजत नाहीत. आणि मुंबईत दर महिन्याच्या पहिल्या तारखांना पेपरात येतात ते दस्त. २०२४ साली मुंबईत १ लाख ४१ हजारांवर दस्त नोंदले गेले म्हणून केवढा गाजावाजा झाला! अरे पण दस्त म्हणजे नवं घर नव्हे. जुना फ्लॅट एका शेठनं दुसऱ्याला विकला तरी तो दस्तच. एकच खोली चार वेळा विकली गेली की चार दस्त. त्यात ना नवी वीट, ना नवा माणूस.

हा आकडा राखण्यासाठी सरकार काय करतं, त्याचं एक उदाहरण देतो. २०२० चं. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. आपले लोक पायी गावाकडे निघाले. जे राहिले त्यांचा रोज बंद झाला, खोलीचं भाडं थकलं. एप्रिलमध्ये राज्याच्या गृहनिर्माण खात्यानं घरमालकांना सांगितलं की किमान तीन महिने भाडं वसूल करायचं लांबवा. भाडं माफ नाही केलं. लांबवलं. आमच्या गल्लीत तर मालकानं ती बातमी ऐकलीच नव्हती! आणि सप्टेंबरमध्ये त्याच सरकारनं घरखरेदीवरचं मुद्रांक शुल्क ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणलं. हे मात्र कायद्यानं, ठणकावून. चार महिन्यांत कोट्यवधींचे फ्लॅट घेणाऱ्यांचे लाखो रुपये वाचले. डिसेंबर २०२० मध्ये मुंबईत साडेएकोणीस हजारांवर दस्त झाले. विक्रम! पेपरांनी लिहिलं, अर्थव्यवस्था सावरली.

भाडेकरूसाठी सल्ला, खरेदीदारासाठी सूट. भाडेकरू उपाशी राहिला तर कुठलाच निर्देशांक खाली येत नाही, म्हणून त्याला सल्ला. खरेदीदार थांबला तर आकडा पडतो, म्हणून त्याला सूट. आकडा नुसता मोजतो असं समजू नका. सरकार कुणाच्या मदतीला धावणार, तेही तो ठरवतो.

आणि इतकी घरं बांधून राहतं कोण? २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत १ कोटी १० लाखांच्या आसपास घरं रिकामी सापडली. मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार. देशातल्या शहरांत सगळ्यात जास्त रिकामी घरं आपल्या मुंबईत! त्याच मुंबईत त्याच जनगणनेत ५० लाखांवर माणसं झोपडपट्टीत, म्हणजे दहातली चार. २०२१ ला व्हायची ती जनगणना वेळेवर झालीच नाही, म्हणून जुना आकडा सांगावा लागतो. २०१२ साली सरकारच्याच तज्ज्ञांनी हिशेब केला : शहरांत १ कोटी ८७ लाख ८० हजार घरांचा तुटवडा, आणि त्यातला ९५ टक्क्यांहून जास्त गरीब आणि कमी मिळकतीच्या कुटुंबांचा. एका बाजूला कोटभर कुलपं, दुसऱ्या बाजूला पावणेदोन कोटींवर गरजवंत कुटुंबं. मध्ये उभा आहे तो भाव. रिकामं घर कुणाचं डोकं झाकत नाही, ते कुणाचा तरी पैसा झाकतं. पण ते बांधताना आकडा वाढला होता, म्हणून अर्थव्यवस्थेच्या लेखी त्याचं काम झालं.

आता माझ्या बापाचा हिशेब सांगतो. आमचं झोपडं तीन वेळा पाडलं. बापानं तीन वेळा उभं केलं. दर वेळी खड्डे काढले, बांबू रोवले, पत्रा चढवला, आईनं चिखल तुडवून जमीन सारवली. अमेरिकेची व्याख्या लावली तर माझ्या बापानं तीन घरं 'सुरू' केली आणि तीनही पुरी केली. त्यानंही पत्रा विकत घेतला, बांबू घेतले, सिमेंटची अर्धी गोणी घेतली. खरेदी झाली, मजुरी झाली, कर्जही झालं, तेही महिना दहा टक्क्यांनी. मग बापाची तीन घरं कुठल्या आकड्यात आहेत? कुठल्याच नाही. त्याच्या खड्ड्याचं नाव अतिक्रमण आणि शेठच्या खड्ड्याचं नाव आर्थिक निर्देशक.

या शहरातल्या दहातल्या चार माणसांची घरं त्यांनी स्वतः बांधलीत. बँकेविना, आर्किटेक्टविना, भूमिपूजनाविना. याहून मोठी घरबांधणी या शहरात दुसरी कुणी केली? पण ती सरकारी वहीत येते ती पाडायच्या वेळेलाच. २००४-०५ च्या हिवाळ्यात मुंबईचं शांघाय करायच्या नादात राज्यकर्त्यांनी ८० हजारांहून जास्त झोपड्या जमीनदोस्त केल्या. घरबांधणीच्या कुठल्या आकड्यातून त्या ८० हजार वजा झाल्या, दाखवा मला. एकाही नाही. जे जमेत धरलंच नव्हतं, ते वजा कुठून होणार? गावकुसाबाहेरचं घर गावाच्या मोजणीत नसायचं. शहरात आलो, गावकूस कागदाचं झालं, एवढाच फरक.

आणि ज्यांच्या हातांनी तो गणला गेलेला टॉवर उभा राहतो त्यांचं काय? माझा मामा सेंट्रिंगच्या कामावर होता. अकराव्या मजल्यावरून खाली आला. मुकादमानं रात्रीतून आजीच्या हातात नोटांचं पुडकं ठेवलं आणि सांगितलं, आमचं नाव कुठं घेऊ नका. मामाचं नाव कुठल्या रजिस्टरात नव्हतंच. इमारत मात्र पुरी झाली. दिवाळीला दिव्यांच्या माळा लागल्या. ती त्या वर्षीच्या आकड्यात आहे. मामा नाही.

कायदा नाही असं नाही. १९९६ साली बांधकाम मजुरांसाठी कायदा झाला. बांधकामाच्या खर्चावर किमान १ टक्का उपकर, आणि तो मजुरांच्या कल्याणासाठी. मार्च २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर हिशेब आला तेव्हा देशभरात ३७ हजार कोटींवर उपकर जमला होता, आणि मजुरांसाठी खर्च झाले होते साडेनऊ हजार कोटींच्या आसपास. चारातला एक रुपया. उरलेले तीन तिजोरीत, आणि ज्याच्यासाठी ते जमले तो नाक्यावर सकाळी सातपासून पहार घेऊन उभा. मजूर नोंदलेला नाही म्हणून पैसे देता येत नाहीत, असं हे लोक सांगतात. मग मला सांगा, सिमेंटचं पोतं न पोतं मोजता येतं, दस्त न दस्त मोजता येतो, आणि बरोब्बर माणूसच तेवढा मोजता येत नाही? भूमिपूजनाला नारळ फोडणाऱ्याचा फोटो छापून येतो. त्याच खड्ड्यात दगड फोडणाऱ्या वडाराचं, माल वाहणाऱ्या आमच्या बायांचं नावसुद्धा हजेरीवर नसतं. हात न मळणाऱ्याला मान आणि मळणाऱ्याला अंधार, हीच तर जातीची व्यवस्था. अर्थशास्त्रात ती संख्येचा कोट घालून येते एवढंच.

आता जरा आपल्यातल्यांकडे वळतो. राग आला तरी चालेल.

आपल्यातला कुणी नोकरीला लागतो, कर्ज काढून दूरच्या उपनगरात फ्लॅट घेतो. घ्यावा. बाबासाहेबांनीही दादरला घर बांधलं आणि पुस्तकांनी भरलं. पण फ्लॅटमध्ये गेलेला आपला भाऊ तोच गुलाबी पेपर वाचून आम्हाला सांगतो की मार्केट वर आहे, देश पुढं चाललाय. त्याला मी विचारतो, भाड्यानं घर शोधत होतास तेव्हा आडनाव सांगितल्यावर किती दारं बंद झाली? 'व्हेज फॅमिली पाहिजे' याचा अर्थ तुला कुणी समजावून सांगायची गरज पडली होती का? अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात २००५ साली सुप्रीम कोर्टानंच म्हटलं की सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवण्याचा नियम सहकारी संस्थेला करता येतो. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना राहायला जागा मिळेना, जिथं उतरले होते तिथून लाठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं. पुढं राज्यघटना आली, अस्पृश्यता गुन्हा ठरली. आणि संस्थेच्या दारावरची चाळणी कायद्यात बसली. लाख घरं बांधली आणि त्यातल्या हजारोंची दारं तुला बंद असली, तर तुझ्यापुरता आकडा किती? तो कुणी काढलाय?

दुसरा आपल्यातला भाऊ म्हणतो, हे आकडे-बिकडे सगळी त्यांची भानगड आहे, आपण रस्त्यावर उतरू. उतरू की! पण हा आळस मला मंजूर नाही. १९२३ साली ज्यानं रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहून साहेबाच्या चलनाची चिरफाड केली, त्याची आपण लेकरं. आकडा त्यांचा म्हणून टाकून द्यायचा? नाही. पाणी त्यांचं म्हणून चवदार तळं सोडून दिलं होतं का? आकड्यावरही हक्क सांगायचा.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. घरबांधणीचा आकडा छापायचा असेल तर खुशाल छापा. पण एकटा छापू नका. त्याच्या शेजारी, त्याच टाइपात, चार आकडे छापा. या महिन्यात किती घरं पाडली. बांधलेल्यांपैकी किती घरांत दिवा लागतो आणि किती कुलुपात आहेत. मजुराच्या मिळकतीत बसतील अशी त्यातली किती. आणि ती बांधताना किती मेले. हे चार आकडे शेजारी ठेवा आणि मग सांगा देशाची तब्येत कशी आहे ते. मग मी तुमचा पेपर भज्यांखालून काढून घडी घालून ठेवीन.

ते छापणार नाहीत. ठाऊक आहे मला. म्हणून हे काम आपलं. प्रत्येक वस्तीत एक वही घाला. शाळेतली दोनशे पानी चालेल. किती झोपडी कधी पाडली, तारीख लिहा. कोण पात्र ठरलं, कोण अपात्र, कुठल्या कागदावाचून, लिहा. संक्रमण शिबिरात कोण किती वर्षं सडतंय, लिहा. नाक्यावर कुणाची मजूर म्हणून नोंदणी झाली आणि कुणाची राहिली, लिहा, आणि राहिलेल्यांना घेऊन नोंदणीच्या खिडकीवर जा. स्लॅबवरून कोण पडलं, कुठल्या साइटवर, लिहा. नाव लिहा. नाव लिहिल्याशिवाय माणूस मेला असं हे सरकार मानत नाही. दहा वस्त्यांच्या दहा वह्या एका ठिकाणी आल्या की तो अहवाल होतो. शंभर आल्या की त्यांच्या पंडितांना उत्तर द्यावं लागतं.

आमच्या गल्लीतली वही मी घातली आहे. पहिलं पान आईनं सांगितलं, मी लिहिलं. तिला साल सांगता येत नाही. ती म्हणते, धाकटी पोटात होती तवा पयलं पाडलं, दुसरं पाडलं तवा तुजी चौथीची परीक्षा व्हती. मी सालं लावून घेतली. तिसऱ्या पाडणीपुढं मामाचं नाव आहे, कारण ते दोन्ही एकाच महिन्यात झालं.

दुसरं पान कोरं आहे. शेजारच्या वस्तीतली पोरं रविवारी येणार आहेत. तुम्ही कुठल्या वस्तीत राहता?

जय भीम.